हाताखालची जागा

४ जून

ताई,

तुझं पत्र स्टेशनरीवाल्या काकांनी कोऱ्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली लपवून ठेवलं होतं. मला खुणेनं बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की दुकानात पत्र नाही, चोरीचं सोनं सांभाळत बसलेत. पाकिटावर तू नुसतं 'गुंडी' लिहिलंस. ते नाव आता बाबा सोडून कोणी घेत नाही, त्यामुळे क्षणभर वाटलं, पत्र वरच्याच मजल्यावरून आलंय.

इतकी वर्षं एक ओळ नाही, आणि लिहिलंस ते कामाचं. 'आमच्या स्टुडिओत चित्रं सुटी करणारं माणूस हवंय. माझ्या घरातली छोटी खोली रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत कळव, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.' बाबा कसे आहेत हे सहीच्या खाली, जागा उरली म्हणून.

तर कळवते. नाही जमणार. मी बाबांना विचारलं, ते नको म्हणाले. विषय संपला.

बाबा बरे आहेत. घरात नीट चालतात, जिना तेवढा उतरत नाहीत. गुडघे. खालचं शिवणाचं दुकान काकांना भाड्यानं दिलं तेव्हा आरसा खालीच राहिला, पण कापायचं टेबल बाबांनी वर आणवलं. त्याच टेबलावर आता माझा कॉम्प्युटर आहे. कंपनीनं घरून काम करायला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, खिडकीशी बसेन. बाबांनी टेबल आपल्या खुर्चीच्या डाव्या हाताला लावून घेतलं, भिंतीकडे तोंड करून. म्हणाले, उजेड डोळ्यांवर येत नाही. उजेड येत नाही हे खरं आहे.

दुकानातली घंटा आठवते? गिऱ्हाईक आलं की दाबायची ती, पितळी. ती आता त्यांच्या खुर्चीच्या हातावर असते. एकदा वाजली की पाणी. दोनदा वाजली की 'काय करतेस'. मी शेजारीच बसलेली असते, तरी वाजवतात.

आता गंमत ऐक. काकांनी आपल्या वडिलांच्या जुन्या फोटोला कुठूनतरी हलवून घेतलंय. फोटोतले आजोबा मान वळवतात, हसतात, परत पूर्ववत. काकांनी वर येऊन मोबाईलवर दाखवलं. बाबा बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू दिवसभर हेच करतेस ना? मग आपलं ते चित्र का हलवत नाहीस?"

आपलं ते म्हणजे तू काढलेलं. दुकानाचं. अजून भिंतीवर आहे.

गुंडी


१२ जून

ताई,

तू लिहिलंस, 'बाबा नको म्हणाले हे मला पटत नाही. बाबा कधीच नको म्हणत नाहीत, ते घसा खाकरतात.' बरोबर आहे. मी त्यांना विचारलेलंच नाही. झालं समाधान?

विचारलं असतं तर घसा खाकरला असता, मग दोन दिवस गुडघा दुखला असता, मग काकांना वर बोलावून माझ्यादेखत म्हणाले असते, "माझं काय, मी काय, मी भिंतीशी बोलेन." तू हे ऐकायला नव्हतीस. तू गेलीस त्या दिवशी ते म्हणाले, गेलीस तर या घरात तुझं कुणी नाही, आणि तू गेलीस. तुझं ठीक आहे. दार तू लावलंस, आणि आत मी राहिले. मला तुझा राग येतो. बाबांचा येतो. मग बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात तेव्हा कीव येते, आणि कीव आली की परत राग येतो. असं चाललंय.

चित्राचं काम सुरू केलंय. तुम्ही चित्रं काढणारी माणसं सगळं एकाच कागदावर चिकटवून मोकळी होता. हात अंगाला, अंग टेबलाला, टेबल भिंतीला. मग ते आमच्याकडे येतं आणि आम्ही एकेक गोष्ट सोडवत बसतो. घोडा पळवायचा तर आधी घोडा उचलावा लागतो, आणि तो उचलला की मागच्या डोंगराला घोड्याएवढं भोक पडतं. डोंगराचा जो भाग चित्रकारानं कधी काढलाच नाही तो आपण काढायचा, भोक बुजवायचं, आणि मग घोडा पळवायचा. लोक बघतात फक्त घोडा.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांना आवडलं. खुर्ची ओढून स्क्रीनशी बसतात आणि देखरेख करतात. मी आईचा हात खांद्यापाशी सुटा करत होते, तर म्हणाले, "अगदी रेघेवर कापू नको. आत थोडी माया ठेव. नाहीतर हात उचलला की उसवेल." तसंच करतात. सांध्याला जास्तीचं ठेवायचंच असतं. मी मान डोलावली, तर दिवसभर खूश.

तुझं चित्र मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघतेय. आई मशीनवर वाकलेली. बाबा उभे, गळ्यात टेप. मी टेबलावर पाय सोडून बसलेली, आणि बाबांचा हात माझ्या खांद्यावर. आणि बाजूच्या मोठ्या आरशात तू, एवढीशी, मांडीवर पाटी घेऊन आम्हाला काढतेयस. आई सुटी झाली. मशीन सुटं झालं. तू सुद्धा झालीस, आरशातून सहज निघालीस. अडलं ते माझ्यापाशी. बाबांची बोटं आणि माझा खांदा तू एकाच रेघेत काढलायस. रेघ हाताबरोबर ठेवली तर माझा खांदा तुटतो, माझ्याबरोबर ठेवली तर बाबांना बोटं राहत नाहीत. असं का काढलंस? घाईत होतीस, की तुला तसंच दिसत होतं?

आणखी एक. बाबा म्हणाले, "आरशातली काढून टाक."

मी म्हटलं, "तिथे मग काय दाखवू?"

"काही नको. आरसा पूस."

तुला राग येईल म्हणून लिहिणार नव्हते. मग म्हटलं, येऊ दे की राग. मला एकटीलाच का?

गुंडी


१९ जून

ताई,

तू उत्तरात चित्राबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. खोलीबद्दल लिहिलंस. खिडकी पूर्वेला आहे, टेबल हवं तिथे लाव. हे वाचून मी पत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, जी घासलेली होती.

बाबांना स्वयंपाक येतो हे तू मला सांगू नकोस. आई आजारी होती तेव्हा ते सगळं करत होते, हे मलाही आठवतं. आता केलं तर मला काम काय राहील, म्हणून करत नसतील. की मी करू देत नाही? हे मी आत्ता लिहिता लिहिता पहिल्यांदाच विचारलं स्वतःला. जाऊ दे.

परवा पोस्टात गेले होते. येईपर्यंत बाबांनी घंटा इतकी बडवली की काका दुकान उघडं टाकून वर धावले. काय झालं म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले, काही नाही, चालू आहे का बघत होतो. काका मला जिन्यात म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांची घंटा ऐकून माझी गिऱ्हाइकं उठून उभी राहतात, शाळा सुटल्यासारखी." मी हसले. मग जिन्यातच थोडा वेळ बसले. वर जायचं पाऊल उचलेना, आणि खाली जायचंही उचलेना.

चित्राचं सांगते. तुला मी आरशातून काढलं. पुसलं नाही, बंद केलं. आमच्या कामात प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरवर असतो आणि त्याच्यापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा बंद केला की तुकडा दिसत नाही, पण असतो तिथेच. तुझ्यामागे मी दुकानाचं दार काढलं, म्हणजे आरशात नुसतं दार.

मग आईला हलवलं. बाबांना तेवढंच हवं होतं, आईनं मशीनवरून मान वर करावी. तिचा चेहरा वाकलेला, डोळे पापण्यांखाली, म्हणून डोळे मलाच काढावे लागले. माझ्या आठवणीतले. त्यासाठी किती वेळ लागला विचारू नकोस. शेवटी एका सकाळी बाबांना दाखवलं. आई मशीन थांबवते, मान वर करते, समोर बघते.

बाबांनी पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा. मग विचारलं, "ती कुणाकडे बघते?"

"आरशाकडे."

"आरशात काय आहे?"

"काही नाही. तुम्हीच पूस म्हणालात."

त्यांनी घसा खाकरला. दिवसभर घंटा नाही, पाणी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना कपातच बघत म्हणाले, "आरशातली परत लाव. तिची आई बिचारी वेड्यासारखी रिकामीच बघत बसलीय."

लावलं. तू परत आहेस. आई वर बघते आणि तू पाटीवरून मान वर करतेस. तेवढी भर मी माझ्या पदरची घातली. बाबांना दिसली, तशीच राहू दिली.

मी म्हटलं, "टेबलावरचीचं काय करू? उतरवू खाली?"

"नको," बाबा म्हणाले. "नुसते पाय हलव. बसलीय ती बरी आहे."

महिनाअखेर जवळ आलीय. तुमची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाक, मी जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा ते बरं.

गुंडी


२६ जून

ताई,

जागा दिली नसलीस तर अजून देऊ नकोस. का ते लिहिते, पण क्रमानं लिहू दे, माझं डोकं ठिकाणावर नाही.

पाय हलवायचे तर मला अख्खीला सुटं करणं भाग होतं. ती तुझी एकच रेघ मी शेवटी दोनदा काढली, एक बाबांच्या बोटांसाठी, एक माझ्या खांद्यासाठी. मग माझ्यामागचं भोक बुजवलं. टेबलाची कड, खाली खण, मागे दोऱ्यांच्या रिळांची फळी. तू जे काढलं नव्हतंस ते सगळं. टेबल तर समोरच होतं, की-बोर्ड सरकवून त्याच्याच कडेचं बघून काढलं. काम झालं की कुठे भोक राहिलं का बघायला आम्ही वरचा तुकडा बंद करून बघतो. म्हणून माझ्यापुढचा डोळा बंद केला.

ताई, कुठेच भोक नव्हतं. दुकान पुरं होतं. आई शिवत होती, तू आरशात होतीस, रिळं ओळीनं लागलेली. मी नव्हते आणि काही बिघडलेलं नव्हतं. मी त्या खोलीत जन्मभर आहे, पण मी नसताना ती कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं. बरी दिसते. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं मोकळं वाटलं, की भीती वाटली.

फक्त बाबांचा हात हवेत राहिला होता. खाली काही नाही, आणि बोटं धरल्यासारखी वाकलेली. भिंत भरता आली, खण भरता आले, हाताखाली काय काढायचं ते कळेना.

तेवढ्यात घंटा झाली, दोनदा. बाबांनी काकांना वर बोलावलं होतं, टीव्हीवर लावून दाखव म्हणून. मी गडबडीत फाईल काढली, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि चहा टाकायला आत गेले. डोळा परत उघडायचा राहिला.

आतून ऐकू आलं, काका म्हणतायत, "वहिनी अगदी हुबेहूब." मग बाबांचा आवाज, "गुंडी? तू कुठे गेलीस?"

"इथेच आहे, चहा टाकतेय."

"चित्रात."

मी गाळणं हातात घेऊनच बाहेर आले. टीव्हीवर आई मान वर करत होती, तू मान वर करत होतीस, बाबांच्या गळ्यातली टेप डुलत होती, आणि बाबांचा हात रिकाम्या हवेवर थोपटत होता. खाली-वर, खाली-वर. तो हात मीच तसा हलवला होता, माझ्या खांद्यावर थोपटायला. फार वाईट दिसत होतं.

"चुकून राहिलं," मी म्हटलं. "मी आहे त्यात. नुसतं बंद आहे. आत्ता लावते."

"थांब." बाबा टीव्हीकडेच बघत होते. "टेबल कुणी काढलं?"

"मी."

"खण बरोबर आलेत. वरचा मोडका सुद्धा." काका आपल्या पायांकडे बघत होते. बाबा त्यांना म्हणाले, "हिला कात्रीनं बोलावलंय ना?"

तुला ते अजून कात्री म्हणतात, ताई. तुझ्या जिभेवरून. मला वाटलं होतं, ते नाव विसरले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? हा गृहस्थ महिनाभर जिना चढताना शीळ घालतोय. याला काही लपवता येतं का?" काका म्हणाले, मी दुकान उघडं टाकून आलोय, आणि चहा न घेताच गेले.

मी उभीच. वाटलं, आता घसा खाकरतील. खाकरला. मी मनात म्हटलं, संपलं. आणि मी रडायला लागले, गाळणं हातात तसंच. म्हटलं, बाबा, मला इथे श्वास घ्यायला जागा नाही. तुमच्या शेजारी बसून मी दिवसभर सगळ्यांना सुटं करते आणि माझी मान भिंतीकडे. मला तुम्ही हवे आहात आणि मला जायचंय. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, ताई. तुझ्यासारखं ओरडून नाही, पण म्हटलं.

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "तो हात तसा नको ठेवू. माणूस खुळा दिसतो."

"मग काय करू त्याचं?"

"टेबलावर टेकव. तसाही मला टेकायलाच लागतं."

गुंडी


३० जून

ताई,

उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय. हे पत्र माझ्या आधी पोचणार नाही, मीच हातात देईन, तरी लिहिते. सवय झाली.

फार काही गोड समजू नकोस. परवा गुडघा दुखला. काल काकांना बोलावून भिंतीशी बोलण्याचं ऐकवून झालं. मी दोनदा बॅग भरली आणि एकदा रिकामी केली. दुसऱ्यांदा भरताना बाबा दारात उभे होते, म्हणाले, "जाड कपडे खाली घाल, वर चुरगळणारे." मग स्वतःच घड्या घालून दिल्या. तसली घडी तुला-मला जन्मात जमणार नाही. आज दुपारचं जेवण त्यांनी केलं. मी उठले तर म्हणाले, बस. बसले. मीठ जास्त होतं, तरी दोघांनी सगळं संपवलं. काका रोज एकदा वर येणार आहेत. फोन खुर्चीशेजारी आहेच, तू उचल म्हणजे झालं.

चित्र पुरं केलं. बाबांचा हात टेबलावर टेकवला. वेगळा तळवा काढावा लागला, त्यांनी तो टेबलावर ठेवून मला बघू दिला. आणि टेबलावरचीला मी खाली उतरवलं. ती पाय हलवते, उडी मारते, आरशासमोरून जाते. तू मान वर करून तिच्याकडे बघतेस. ती दारातून बाहेर जाते. मग चित्र पहिल्यापासून सुरू होतं आणि ती पुन्हा टेबलावर बसलेली असते.

बाबांनी संध्याकाळभर तेच लावून ठेवलं होतं. मला वाटलं, त्यांची समजूत झालीय की ती परत येते. सांगावं की नाही कळेना. शेवटी म्हटलं, "बाबा, ती परत येत नाही. फाईल संपते आणि पुन्हा सुरू होते."

"कळतं मला तेवढं," ते म्हणाले. "सुरुवातीला असते ना बसलेली? तेवढं पुरे."

मग खुर्चीच्या हातावरची घंटा काढून त्यांनी माझ्या बॅगेत टाकली, कपड्यांच्या घड्या मोडू न देता. मी म्हटलं, "अहो, असू द्या इथे, लागेल तुम्हाला."

"नको," बाबा म्हणाले. "इथे राहिली की हात जातो."

स्टेशनवर घ्यायला ये हे फोनवर सांगितलंच आहे. बॅग जड झालीय.

गुंडी